लकव्याच्या रुग्णाला सुट्टी देतानाच पेन्शनचा दाखलाही द्या

संपादक महोदय,

लकव्याच्या रुग्णाला सिव्हिलमधून सुट्टी मिळते तेव्हा नातेवाइकांच्या हाती डिस्चार्ज कार्ड आणि थोड्या दिवसांच्या गोळ्या असतात. पुढची मदत तीन दारांत विभागलेली आहे. निराधार पेन्शन तहसीलमध्ये, दिव्यांग प्रमाणपत्र रुग्णालयात पण ठरलेल्या वारी, आणि गावातली देखरेख आरोग्य उपकेंद्राकडे. एका दाराची माहिती दुसऱ्याला मिळत नाही. घरातला कमावता सालदार (वर्षाच्या करारावरचा शेतमजूर) अंथरुणाला खिळला की ही दारे त्याच्या बायकोने एकटीने हिंडायची.

सर्वांत मोठी अडचण दाखल्याची आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी, म्हणजेच या निराधार पेन्शनसाठी, गेलेल्यांना बहुतेक वेळा पहिला प्रश्न येतो तो दिव्यांग प्रमाणपत्राचा. पक्षाघातानंतर दिव्यांगत्वाचे मोजमाप साधारण सहा महिन्यांनी करतात, कारण तोवर हातापायांतली ताकद बदलत राहते. वैद्यकीयदृष्ट्या ते योग्यच आहे. पण त्यापायी कुटुंब सहा महिने अर्जच करत नाही, आणि खर्चाचे व व्यायामाने सुधारणा होण्याचे महिने नेमके हेच असतात. खरे तर थांबायची गरज नाही. योजनेच्या पात्रतेत क्षयरोग, कर्करोग, कुष्ठरोग यांच्या जोडीला पक्षाघाताचेही नाव आहे. जिल्हा शल्यचिकित्सक किंवा शासकीय रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक यांचा आजाराचा दाखला जोडून अर्ज करता येतो. रुग्ण वॉर्डात असताना हा दाखला म्हणजे एक सही आणि एक शिक्का. घरी गेल्यावर त्याच कागदासाठी लुळ्या माणसाला भाड्याच्या गाडीत घालून रावेर-चोपड्याहून जळगावला आणावे लागते.

६५ वर्षे ओलांडलेल्यांसाठी श्रावणबाळ ही पेन्शन योजना आहे. तिथे आजाराचा नव्हे, वयाचा पुरावा लागतो. शिवाय मुख्यमंत्री वयोश्री योजनेत काठी, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. हे वॉर्डातच सांगायला हवे.

उत्पन्नाच्या अटीबद्दल मात्र शासनालाच सांगावे लागेल. आजाराच्या निकषावर अर्ज केला तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत लागते, म्हणजे दिवसाला ५८ रुपयेसुद्धा नाहीत. दिव्यांगांसाठी हीच मर्यादा ५०,००० आहे. तोच रुग्ण, तेच घर, फक्त सहा महिन्यांचे अंतर. दोन्हींना किमान एकच मर्यादा असावी. अर्ज मंजूर झाला तरी बँक खाते आधारशी जोडलेले नसल्याने पैसे अडकतात. अशा वेळी इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचे खाते पोस्टमन घरी येऊन उघडून देतो, हे फार थोड्यांना माहीत आहे.

आता घरातल्या शुश्रूषेबद्दल. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत असते, त्यामुळे आशाताईंनाही त्यातून फारसे कळत नाही. सोबत मराठीत एक पान दिले तर बरेच काही टळेल. दर दोन तासांनी कूस बदलायची. माकडहाड, खुबा आणि टाच रोज पाहायची. त्वचा लाल झाली आणि बोटाने दाबूनही लाली गेली नाही, तर ती जखमेची सुरुवात समजायची. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. अशा उन्हाळ्यात उघड्या रेक्झिनवर झोपवले की घामाने कातडी भिजून लवकर सोलवटते, म्हणून वर सुती चादर हवीच. नाकातून भरवण्याची नळी असेल तर डोके उशाशी उंच करून पातळ, गाळलेले अन्न एका वेळी २०० मिली, आणि आधी-नंतर थोडे पाणी. दूध देऊन नळी धुतली नाही की ती चोंदते. आडवे झोपवून भरवले तर अन्न फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. लघवीची पिशवी कमरेच्या खाली, पण जमिनीला न टेकता. लुळ्या हाताला धरून उचलू नये, खांदा निखळतो. रक्तदाबाच्या गोळ्या बरे वाटले म्हणून बंद करू नयेत. या गोळ्या उपकेंद्रात मोफत मिळतात, पण रुग्णाची तिथे नोंद असावी लागते.

म्हणून सुट्टीच्या दिवशीच रुग्णाचे नाव, गाव आणि नळ्यांचा तपशील गावच्या उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना फोनने कळवावा, आणि त्यांची पहिली भेट सात दिवसांत व्हावी. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत समाजसेवा अधीक्षक हे पद याच कामाचे आहे. उपजिल्हा रुग्णालयांत ही जबाबदारी एका ठरावीक परिचारिकेकडे द्यावी.

खाती एकत्र बसवणे अशक्य नाही. सातपुड्यातल्या आदिवासी भागासाठी १९९५ पासूनच्या नवसंजीवनी योजनेत आरोग्य, बालविकास, पुरवठा ही खाती एका बैठकीत बसतात. तशी महिन्यातून एक बैठक तालुका आरोग्य अधिकारी आणि संजय गांधी योजनेचे नायब तहसीलदार यांनी घ्यावी. समोर एकच यादी असावी आणि प्रत्येक नावापुढे तीन तारखा: सुट्टीची, गावातल्या पहिल्या भेटीची आणि पेन्शनचा पहिला हप्ता जमा झाल्याची.

– आरोग्य व समाजकार्य क्षेत्रातील काही कार्यकर्ते, चोपडा, जि. जळगाव