केसलरिंगचे युद्धकौशल्य सांगताना त्याचे हुकूमही सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील दुसऱ्या महायुद्धाच्या सेनापतींवरची लेखमाला मी पहिल्या भागापासून वाचत आहे. जर्मन फील्डमार्शल आल्बर्ट केसलरिंगवरचा भाग वाचून मात्र अस्वस्थ झालो. इटलीतल्या डोंगरांचा आणि नद्यांचा आधार घेत त्याने दोस्त राष्ट्रांच्या फौजा महिनोन्‌महिने कशा रोखून धरल्या, याचे वर्णन लेखात तपशीलवार आहे. दोस्तांच्या सैन्यात त्याला ‘हसरा आल्बर्ट’ म्हणत, हेही आहे. पण 1947 मध्ये युद्धगुन्ह्यांसाठी त्याला मृत्युदंड सुनावला गेला होता, ही गोष्ट अखेरीस एका ओळीत उरकली आहे. ज्यांना त्याच्याबद्दल फक्त हाच लेख वाचायला मिळेल, त्यांचा यामुळे गैरसमज होईल, म्हणून हे पत्र.

केसलरिंग मुळात तोफखान्याचा अधिकारी. व्हर्सायच्या तहाने जर्मनीला हवाई दल ठेवायला बंदी होती. ते गुपचूप उभारले जात असताना, 1933 मध्ये, त्याला भूदलातून तिकडे नेण्यात आले, आणि वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तो विमान चालवायला शिकला. 1936 मध्ये तो हवाई दलाचा प्रमुख स्टाफ अधिकारी झाला. पोलंडवरच्या आक्रमणात पहिला हवाई ताफा त्याच्या हाताखाली होता, तर हॉलंड आणि इंग्लंडवरच्या मोहिमांत दुसरा. 14 मे 1940 रोजी रॉटरडॅम शहर शरण येण्याच्या वाटाघाटी चालू असतानाच त्याच्या ताफ्याच्या विमानांनी शहराचा मध्यभाग जाळून टाकला. आठशेहून अधिक माणसे मेली आणि सुमारे 80 हजार बेघर झाली. दोनच महिन्यांनी केसलरिंग फील्डमार्शल झाला.

याबद्दल त्याच्यावर कधीच खटला भरला गेला नाही. मार्च 1946 मध्ये न्यूरेंबर्गच्या युद्धगुन्हे खटल्यात तो जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोअरिंग याच्या बचावाचा साक्षीदार म्हणून उभा राहिला. पोलंडमधले वॉर्सा हे लढणारे, तटबंदीचे शहर होते आणि रॉटरडॅमचा हल्ला जमिनीवरच्या सैन्याच्या मदतीसाठी होता, अशी बाजू त्याने मांडली. शहरांवर बॉम्ब टाकल्याबद्दल तिथे कोणाही जर्मन हवाई अधिकाऱ्याला शिक्षा झाली नाही. हांबुर्ग आणि ड्रेस्डेन ही जर्मन शहरे जाळलेल्या दोस्तांना तो विषय उघडायचा नव्हता, हे उघड आहे. जेत्यांच्या न्यायातले हे मोठे भगदाड आहे आणि ते मान्य केले पाहिजे. पण त्याच्या आड केसलरिंगची इटलीतली कृत्ये लपवता येत नाहीत.

23 मार्च 1944 रोजी रोमच्या व्हिया राझेला या रस्त्यावर प्रतिकार चळवळीतल्या लोकांनी स्फोट घडवला. त्यात जर्मन पोलीस तुकडीचे 33 जण मेले. एका जर्मनामागे दहा इटालियन मारण्याचा हिटलरचा आदेश केसलरिंगच्या मुख्यालयातून खाली गेला आणि दुसऱ्याच दिवशी आर्देआतीन गुहांमध्ये 335 माणसांना गोळ्या घालण्यात आल्या. दहास एक या हिशेबानेही पाच जास्त. त्यांतल्या कोणाचाही त्या स्फोटाशी संबंध नव्हता. सुमारे 75 जण ज्यू होते. इथे हुकूम वरून आला होता, असे त्याचे पाठीराखे म्हणतात. क्षणभर ते धरून चालू.

17 जून 1944 च्या हुकुमाचे काय? तो हिटलरचा नव्हता, केसलरिंगने स्वतःच्या अधिकारात काढलेला होता. प्रतिकार करणाऱ्या टोळ्यांविरुद्ध सर्व साधनांनिशी, अत्यंत कठोरपणे लढा, आणि हे करताना जो अधिकारी नेहमीच्या मर्यादेबाहेर जाईल त्याला मी पाठीशी घालीन, असा त्याचा आशय आहे. 1 जुलैच्या हुकुमात त्याने पुढचे पाऊल टाकले. टोळ्यांचा वावर असलेल्या भागातले काही पुरुष ओलीस धरायचे आणि हल्ला झाला की त्यांना गोळ्या घालायच्या. सेनापतीच गुन्ह्याआधी माफीची हमी देत असेल, तर हाताखालचा कॅप्टन कशाला थांबेल? ऑगस्टनंतर, मुसोलिनीकडूनही तक्रारी गेल्यावर, केसलरिंगने अतिरेकाबद्दल नापसंतीचे कागद काढले. पण 12 ऑगस्टला सांतान्ना दि स्ताझ्झेमा या डोंगरी गावात साडेपाचशेच्या आसपास माणसे मारली गेली होती, त्यात कितीतरी मुले होती. आणि ते कागद निघाल्यानंतरही सप्टेंबरअखेर मार्झाबोत्तोच्या परिसरात किमान 770 जणांची कत्तल झालीच.

या साऱ्याचा आपल्याशी काय संबंध, असे काही वाचकांना वाटेल. मी माणगाव तालुक्यातला आहे. आमच्याकडच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे 5व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या 3ऱ्या बटालियनमध्ये होते. 10 जुलै 1944 रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले बाकी सगळे मशीनगनच्या माऱ्यात पडले. घाडगे एकटे त्या गनवर धावून गेले. आधी हातबॉम्ब टाकला, मग एकाला गोळी घातली, आणि मॅगझीन बदलायला वेळ नाही म्हटल्यावर उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने संपवले. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपले. वय अवघे बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण त्यांची ज्ञात कबर नाही, नाव कासिनोच्या स्मारकावर आहे. समोरची सेना केसलरिंगचीच होती.

त्याच भागातल्या गुब्बिओ गावात, 22 जून 1944 रोजी एका जर्मन लष्करी डॉक्टरच्या हत्येचा सूड म्हणून 40 गावकऱ्यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यात दोन स्त्रिया होत्या. केसलरिंगचा हुकूम निघून पाच दिवस झाले होते. इटलीत त्या काळात जर्मनांनी आणि त्यांच्या फॅसिस्ट साथीदारांनी मारलेल्या निःशस्त्र माणसांची संख्या 20 हजारांहून अधिक आहे. घाडग्यांसारखी आपली खेड्यापाड्यांतली मुले तिथे ज्या भूमीवर लढली, त्या भूमीवर हे चालले होते. मराठी वाचकाला केसलरिंगची ओळख करून देताना हे वगळता येणार नाही.

फेब्रुवारी ते मे 1947 या काळात व्हेनिसजवळ मेस्त्रे इथे ब्रिटिश लष्करी न्यायालयासमोर खटला चालला. आर्देआतीनची कत्तल आणि नागरिकांना मारण्यास चिथावणी, हे दोन्ही आरोप सिद्ध झाले. 6 मे रोजी गोळ्या घालून मृत्युदंडाची शिक्षा सुनावली गेली. मग चर्चिल आणि इटलीत त्याच्याविरुद्ध लढलेले फील्डमार्शल अलेक्झांडर त्याच्या बाजूने उभे राहिले. जुलैत मृत्युदंडाची जन्मठेप झाली, पुढे जन्मठेपेची 21 वर्षे झाली, आणि ऑक्टोबर 1952 मध्ये आजारपणाच्या कारणावरून तो सुटला. आजार खरा होता. पण त्या सुमारास पश्चिम जर्मनीला पुन्हा सैन्य उभारायला लावायचे होते आणि जुने जर्मन अधिकारी नाराज ठेवून चालणार नव्हते, हेही तितकेच खरे. सुटकेनंतर तो आठ वर्षे जगला, माजी सैनिकांच्या संघटनेचा अध्यक्ष झाला. इटालियनांनी खरे तर माझे स्मारक उभारायला हवे, असे त्याने म्हटल्याचे छापून आले, तेव्हा कायदेपंडित प्येरो कालामांद्रेई यांनी लिहिलेले उत्तर कुनेओ शहराने डिसेंबर 1952 मध्ये नगरपालिकेच्या भिंतीवर कोरून लावले.

इटलीतल्या पीडितांचे हाल मात्र पुढेही संपले नाहीत. नाझी अत्याचारांच्या सुमारे 695 फायली रोमच्या लष्करी न्यायसंस्थेच्या इमारतीत, दार भिंतीकडे वळवून ठेवलेल्या एका कपाटात 1994 मध्ये सापडल्या. सांतान्नाच्या प्रकरणाचा निकाल 2005 मध्ये लागला. तोवर बहुतेक साक्षीदार आणि आरोपी मरून गेले होते, आणि ज्यांना जन्मठेप सुनावली गेली ते जर्मनीत आपापल्या घरीच राहिले.

लेखकांच्या अभ्यासाबद्दल मला आदर आहे. केसलरिंग कसलेला सेनापती होता, हे मीही नाकारत नाही. या लेखांचे पुढे पुस्तक निघणार असेल, तर केसलरिंगच्या प्रकरणात त्या उन्हाळ्याच्या तीन तारखा कृपया घालाव्यात: 17 जूनचा हुकूम, 22 जूनचे गुब्बिओ आणि 10 जुलैचे यशवंत घाडगे. त्याआधी पुरवणीत एखादी पुरवणी टीप छापता आली, तर उत्तमच.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक,
माणगाव, जि. रायगड