वयाचे कौतुक पुरे, सामन्यांचे काय?

माननीय संपादक महोदय,

किशोरवयातच व्यावसायिक करार करणाऱ्या महिला फुटबॉलपटूंविषयी आपल्या क्रीडापानावर आलेला लेख वाचला. मुलींच्या फुटबॉलला आपण एवढी जागा दिलीत, याबद्दल मुंबईतील एक क्रीडाशिक्षिका म्हणून मी आपली आभारी आहे. मात्र लेखाचा सारा रोख वयावर होता. कोण चौदाव्या वर्षी मैदानात उतरली, कोणी तेराव्या वर्षी करारावर सही केली, याचीच मोजदाद त्यात होती. असे लेख वाचून पालकांचा समज होतो की या मुली काही दैवी देणगी घेऊन जन्माला आल्या आहेत आणि आपल्या घरातल्या मुलीशी त्यांचा काही संबंध नाही. मला तसे वाटत नाही. त्यासाठी कोलंबियाच्या लिंडा काइसेदोचे उदाहरण घेते, कारण तिला खेळताना आपण नवी मुंबईत प्रत्यक्ष पाहिले आहे.

लिंडाचा जन्म फेब्रुवारी 2005 मधला. काली शहराजवळच्या एका छोट्या गावात ती वाढली आणि 2019 मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, अमेरिका दे काली या क्लबकडून देशाच्या अव्वल महिला लीगमध्ये खेळली. त्याच मोसमात तिच्या क्लबने विजेतेपद मिळवले आणि सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या यादीत ती सर्वांत वर होती. एवढे वाचून कोणीही थक्क होईल. पण कोलंबियातील व्यावसायिक महिला लीगच मुळी 2017 मध्ये सुरू झाली. ती दोन वर्षे आधी सुरू झाली नसती, तर चौदा वर्षांच्या या मुलीला आपले कौशल्य कुठे दाखवता आले असते?

आपली इंडियन विमेन्स लीगही त्याच सुमारास सुरू झाली, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. तिच्या पहिल्या मोसमाची अंतिम फेरी जानेवारी-फेब्रुवारी 2017 मध्ये दिल्लीत झाली. तिथे संघ होते सहा आणि अवघ्या अडीच-तीन आठवड्यांत सारे आटोपले. तिकडे कोलंबियात त्याच वर्षी अठरा संघ उतरले होते आणि त्यांतील बहुतेकांच्या पाठीशी पुरुषांचे जुने, नावाजलेले क्लब होते. म्हणजे मैदान, प्रशिक्षक, डॉक्टर आणि प्रेक्षक यांची जुळवाजुळव मुलींना शून्यातून करावी लागली नाही. दुसऱ्याच वर्षी, 2018 मध्ये, आत्लेतिको उइला या तुलनेने लहान क्लबने दक्षिण अमेरिकेतील महिला क्लबांचा सर्वोच्च करंडक जिंकला. आपल्या पहिल्या मोसमात महाराष्ट्राचे प्रतिनिधित्व पुण्याच्या संघाने केले होते, आणि तो क्लब पुढे दोन-अडीच वर्षांत बंदच पडला.

कोलंबियात सारे आलबेल होते असे मुळीच नाही. तिथल्या खेळाडूंना मानधनासाठी आणि साध्या सोयींसाठी 2019 मध्ये जाहीर आवाज उठवावा लागला, आणि लीगचे मोसम आखूड असल्याची तक्रार 2022 च्या कोपा अमेरिका या दक्षिण अमेरिकेतील राष्ट्रीय संघांच्या स्पर्धेतही मैदानावरून झाली. त्या स्पर्धेत सर्वोत्तम खेळाडू ठरली होती सतरा वर्षांची लिंडाच. अपुरी, भांडून टिकवलेली लीगसुद्धा एवढे करू शकते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

त्याच वर्षी 30 ऑक्टोबरला सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला. आमच्या शाळेच्या काही मुलींना घेऊन मी हार्बरने गेले होते. कोलंबियाने 82 व्या मिनिटाला स्वयंगोल खाल्ला आणि स्पेन 1-0 असे जिंकले. माझ्या मुलींना मात्र निकालापेक्षा लिंडाचेच अप्रूप होते. चेंडू तिच्याकडे यायच्या आधी ती दोनदा मान वळवून मागे पाहते, हे आमच्या आठवीतल्या एका मुलीने टिपले आणि पुढे सरावात ती स्वतः तसे करू लागली. मागे कोण आहे हे आधीच पाहून ठेवण्याची सवय शंभर वेळा सांगून लागत नाही. अंगावर धावून येणाऱ्या मोठ्या खेळाडूंशी सामन्यामागून सामना खेळला की ती लागते.

यजमान म्हणून याच स्पर्धेत आपला संघही होता. अमेरिकेकडून 8-0, मोरोक्कोकडून 3-0 आणि ब्राझीलकडून 5-0 असा तो हरला. या मुलींना नावे ठेवणाऱ्यांचा मला राग येतो. जमशेदपूरला त्यांचे शिबिर झाले, परदेश दौरे झाले, प्रशिक्षक स्वीडनहून आले. कष्टांत कुठे कसूर नव्हती. पण शिबिरात घडलेल्या संघाची गाठ लीगमध्ये घडलेल्या संघांशी पडली होती, आणि तो फरक काही महिन्यांत भरून निघणारा नव्हता.

लहान वयात मुलींना व्यावसायिक खेळात ढकलावे, असे मात्र माझे म्हणणे नाही. लिंडाला पंधराव्या वर्षी अंडाशयाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी सोसून ती परतली, आणि 2021 मध्ये देपोर्तिवो काली या क्लबकडून पुन्हा लीग जिंकली. नंतर ऑगस्ट 2022 ते ऑगस्ट 2023 या एका वर्षात वीस वर्षांखालील, सतरा वर्षांखालील आणि खुल्या गटातील असे तीन विश्वचषक तिच्या वाट्याला आले. शेवटच्या स्पर्धेत एका सरावादरम्यान छातीवर हात ठेवून ती मैदानात आडवी झाली. थकवा आणि ताण हे कारण सांगितले गेले. तीनच दिवसांनी तिने जर्मनीविरुद्ध दोघींना चकवून अप्रतिम गोल केला आणि जगभर तिच्या जिद्दीची वाहवा झाली. मला मात्र त्या वाहवेत काळजीही वाटली. अठरा वर्षांच्या मुलीवर इतका भार कोणी टाकला, हे तेव्हा फार थोड्यांनी विचारले.

म्हणून नियम हवेत. अठरा वर्षांखालील खेळाडूंच्या दुसऱ्या देशात जाण्यावर फिफाने सहसा बंदी घातली आहे आणि लिंडाही अठरा पूर्ण झाल्यावरच स्पेनच्या रेयाल माद्रिद क्लबमध्ये गेली. मात्र नियमाने संरक्षण करावे, वाट अडवू नये. अमेरिकेत ऑलिव्हिया मोल्ट्री या मुलीला, ती पोर्टलँड थॉर्न्स या क्लबसोबत सराव करत असूनही, अठरा वर्षांच्या अटीमुळे लीगमध्ये खेळता येत नव्हते. 2021 मध्ये तिने न्यायालयात दाद मागितली, न्यायालयाचा अंतरिम आदेश तिच्या बाजूने लागला आणि त्याच वर्षी पंधराव्या वर्षी ती सामन्यात उतरली. पुढे तिथल्या लीगने अल्पवयीन खेळाडूंसाठी स्वतंत्र नियमच केले.

आपल्याकडे हा वाद उद्भवतच नाही, कारण मुली त्या वयापर्यंत खेळात टिकतच नाहीत. आमच्या शाळेचा संघ ज्या स्पर्धांत उतरतो त्या बहुतेक बाद पद्धतीच्या आहेत. पहिलाच सामना हरलो की वर्षभराचा सराव चाळीस-पन्नास मिनिटांत संपतो आणि मुली बूट पिशवीत भरून पुढल्या वर्षाची वाट पाहतात. ज्या मैदानावर आम्ही सराव करतो तिथे कपडे बदलायला खोली नाही. दोघी-तिघी ओढण्या धरून झाडामागे आडोसा करतात. नववीत क्लास सुरू होतो, घरचे दहावीचे कारण पुढे करतात, आणि मला त्यांना दोष देता येत नाही. वर्षाकाठी दोन-तीन सामन्यांसाठी मुलीला रोज पहाटे लोकलमध्ये का पाठवायचे, या पालकांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. तेरा, पंधरा आणि सतरा वर्षांखालील मुलींसाठी पावसाळ्यानंतर दर शनिवारी-रविवारी चालणारी साखळी पद्धतीची लीग या शहरात असेल, हरलेल्या संघालाही पुढच्या आठवड्यात पुन्हा सामना मिळेल, तर ते उत्तर देता येईल. फुटबॉल संघटना, शाळा आणि महानगरपालिका यांनी ठरवले, तर शाळांची आणि पालिकेची मैदाने मुंबईत आहेत.

यात आपलेही साहाय्य हवे आहे. क्रीडापानावर मुलांच्या शालेय क्रिकेटचे धावफलक येतात, तसे मुलींच्या फुटबॉल सामन्यांचे निकालही दर आठवड्याला, गोल करणाऱ्या मुलींच्या नावांसह, छापावेत अशी माझी विनंती आहे. निकाल गोळा करून सोमवारी सकाळपर्यंत आपल्या कार्यालयात पोहोचते करण्याची जबाबदारी आम्ही काही क्रीडाशिक्षक आनंदाने घेऊ.

आपली नम्र,
एक क्रीडाशिक्षिका, लालबाग, मुंबई