राहिलेलं प्रॅक्टिकल

चि. बाय हिस,
अनेक आशीर्वाद.

गणपती आटोपून तू पुण्याला सुखरूप पोचल्याचा फोन आला तेव्हा शेवटी हसत हसत म्हणालीस, "बाबा, आईची फायनलची मार्कलिस्ट पत्र्याच्या पेटीत सापडली. मेडिसिनच्या प्रॅक्टिकलपुढे ॲबसेंट लिहिलंय. म्हणजे नापास नव्हती, चक्क दांडी मारली होती बाईंनी!" मी "हं" म्हटलं आणि तिकडे पाऊस आहे का विचारलं. तूही पावसावर गेलीस. फोन ठेवून पडवीत बसलो तो दिवेलागणीपर्यंत उठलो नाही.

तीस वर्षं शाळेत बडबड केली, पण हे तोंडी जमायचं नाही. म्हणून लिहितो. अक्षर आता हलतं, सांभाळून घे.

आमचं लग्न १९८२ च्या मे महिन्यातलं. तुझ्या आईचा बारावीचा निकाल लागायचा होता, पण तिच्या वडिलांना पावसाच्या आत मुलगी उजवायची होती. निकाल आला तोवर ती आपल्या घरची सून होऊन तरवा काढायला लागली होती. सायन्स तिनं कोल्हापूरला मामाकडे राहून केलेलं. मामाचं कार्ड आलं की मेडिकलला लागेल इतके मार्क आहेत, फॉर्मला थोडेच दिवस उरलेत, काय ते कळवा. चिखलाचे हात पदराला पुसून तिनं ते वाचलं आणि माझ्या हातात दिलं. एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर कदाचित मी वाद घातला असता.

तेव्हा नीट-बीट काही नव्हतं, बारावीच्या मार्कांवर प्रवेश. कोकणात सरकारी मेडिकल कॉलेजही नव्हतं, ओरोसचं आणि रत्नागिरीचं अगदी आत्ताचं. तिला मिळालं ते मिरज.

आजीला सांगायचं माझ्यावर आलं. मी म्हटलं, दोन वर्षांचं शिक्षण आहे, माझ्या डी.एड.सारखं. दोन वर्षं म्हणजे दोन भातं, असा आजीनं हिशेब केला आणि हो म्हणाली. थापच ती. साडेचार वर्षं, वर एक वर्ष इंटर्नशिप, हे तिला तिसऱ्या वर्षी कळलं. "दोन वर्सां सांगलंस, ह्या तिसरा खंयसून इला?" एवढं म्हणून ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. सुनेशी मात्र बोलली. सुनेच्या पिशवीत कुळथाची पिठी आणि सोलं बांधून द्यायला तिनं सुरुवात केली ती त्याच वर्षी.

तू झालीस १९८५ च्या फेब्रुवारीत. पाच महिन्यांची असताना तुला आजीच्या मांडीवर ठेवून ती परत गेली. दूध आटेपर्यंत तिनं हॉस्टेलवर काय केलं, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. महिन्यातून एकदा यायची. मिरजेहून कोल्हापूर, तिथून गगनबावडा, करूळ घाट उतरून तळेरे, तळेऱ्याला विजयदुर्गची एसटी मिळाली तर बरं, नाहीतर मिळेल तो ट्रक. घाटात दरड आली की फोंड्यावरून वळसा. रात्री पोचायची तेव्हा तू झोपलेली असायचीस. दुसऱ्या दिवशी तू तिच्याकडे लांबून बघायचीस आणि दुपारपर्यंत जवळ जायची नाहीस. आई म्हणायचीस ती आजीला. तिला म्हणायचीस "मिरज". "मिरज इली, मिरज इली" करत अंगणभर धावायचीस. आम्ही हसायचो. तीही हसायची.

शाळेतले सहकारी मला गोपाळराव म्हणायला लागले होते. आनंदीबाई जोशींचे गोपाळराव. काही कौतुकानं म्हणत, काही टोमण्यानं. मला दोन्ही आवडायचं, हे कबूल करतो.

आता ते १९८६ चं.

नोव्हेंबरात तिची फायनल होती. लेखी पेपर झाले होते, प्रॅक्टिकल राहिली होती. त्याच आठवड्यात तुला गोवर निघाला. ताप, डोळे लाल, अंगभर पुरळ. आजीनं उशाशी कडुलिंबाचा टाळा बांधला. उपकेंद्राची सिस्टर येऊन बघून गेली. छातीत काही नाही, पाणी पाजत राहा, पुरळ पूर्ण बाहेर आलं की ताप उतरेल, म्हणाली. तसंच झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरणीला लागला होता. तो उतरतो आहे हे मला माहीत होतं. हे वाक्य मी दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलंय.

त्याच सकाळी मी पोस्टात गेलो.

का गेलो, याचं उत्तर इतक्या वर्षांत मी स्वतःलाही धड दिलेलं नाही. चार रात्रींचं जागरण होतं, ते एक. पण नुसतं जागरण नव्हतं. ही परीक्षा झाली की ती डॉक्टर होणार होती, आणि मी चौथीचा मास्तरच राहणार होतो. तोवर ती शिकत होती म्हणजे मी शिकवत होतो, माझ्या पगारातून पैसे जात होते, मी गोपाळराव होतो. नंतर मी कोण? पोस्टाच्या फळीवर तारेचा फॉर्म पुढे आला. शब्दागणिक पैसे पडतात, थोडक्यात लिहावं, असं मनाशी म्हणत मी लिहिलं, "बेबी सीरियस स्टार्ट इमिजिएटली". चार शब्द. सीरियसच्या जागी सिक लिहिलं असतं तरी पैसे तेवढेच पडले असते.

आनंदीबाईंचे गोपाळराव पोस्टात कारकून होते. त्यांनी बायकोला अमेरिकेला धाडलं आणि १८८६ साली ती फिलाडेल्फियात डॉक्टर झाली. बरोबर शंभर वर्षांनी मी पोस्टात गेलो, तो बायकोला परत बोलवायला.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला ती आली. पडेल कॅन्टीनपासून चालत. रात्रभर कुठे बसली होती, काय खाल्लं होतं, देव जाणे. तू पडवीत पेजेची वाटी घेऊन बसली होतीस आणि खारातली मिरची हवी म्हणून आजीच्या नावानं बोंबलत होतीस. ती उंबऱ्याशीच थांबली. मग मागीलदारी जाऊन साबणानं हात धुतले, तुला मांडीवर घेतलं, डोळे बघितले, घसा बघितला, घड्याळ काढून तुझे श्वास मोजले. पाठीला नळी लावली. सगळं झाल्यावर तुला खाली ठेवलं आणि पायरीवर बसली. तिनं एकच प्रश्न विचारला.

"तार तुम्ही लिहिलीत की पोस्टमास्तरांनी?"

मी म्हटलं, "मी आजारी म्हटलं होतं. सीरियस मास्तरांनी केलं असेल."

"अस्सं," म्हणाली.

मेडिसिनचं प्रॅक्टिकल त्याच दिवशी होतं. तिची बॅच सुटली. १९८७ च्या उन्हाळ्यात पुन्हा बसली, पास झाली, इंटर्नशिप संपायला अठ्ठ्याऐंशी उजाडलं. पुढे तू दहावीच्या सहामाहीत गणितात गटांगळी खाऊन रडत बसलीस तेव्हा तिनं तुला जवळ घेतलं आणि म्हणाली, "मी पण राहिले होते की गं एकदा." तिथून आपल्या घरात ती गोष्ट सुरू झाली. आई एकदा नापास झाली होती. तुझ्या लग्नात तुझ्या सासरच्यांनाही तू ती ऐकवलीस. ती पानं वाढता वाढता हसली. मीही हसलो.

पुढचं तुला माहीत आहे असं तुला वाटतं, पण तू झोपलेली असायचीस. ८९ साली ती आपल्या आरोग्य केंद्रात लागली आणि क्वार्टरच्या पडवीत रात्री-अपरात्री कंदील यायला लागले. आपला सडा म्हणजे फुरशांचं माहेर. कातळावर, गडग्याच्या चिऱ्यांत, गवताच्या उडवीखाली. लोक साप म्हणायचे नाहीत, "पान लागला" म्हणत आत यायचे. फुरशाचं विष रक्त गोठू देत नाही. हिरड्यांतून, लघवीतून रक्त जातं. पण चावलं म्हणजे विष भिनलंच असं नाही, आणि लस देणंही जोखमीचं, घोड्याच्या रक्तातून केलेली ती, एखाद्याला उलटते. मग ठरवायचं कसं? रात्री लॅब कुठली. तर ती थोडं रक्त काचेच्या कोऱ्या नळीत काढायची आणि नळी फळीवर उभी करून ठेवायची. वीस मिनिटं हात लावायचा नाही. वीस मिनिटांनी तिरकी करायची. गोठलं असेल तर बरं, पाण्यासारखं वाहिलं तर लस.

तू कपाटात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या नळ्या बघून "हे काय भंगार" म्हणालीस ना, त्या ह्याच. नवीन काचच लागते. आजीनं एकदा सुनेचा पसारा आवरायचा म्हणून सगळ्या नळ्या साबणानं लख्ख घासून ठेवल्या होत्या. साबण लागलेल्या काचेत चांगलं रक्तही नीट गोठत नाही, निकाल चुकतो. आई काही बोलली नाही, कोल्हापूरहून दुसऱ्या मागवल्या. घासलेल्या नळ्यांत आजीनं पुढे मोहरी आणि मेथी भरून ठेवली.

विंचवाचंही तसंच. लाल विंचू चावलेलं पोर घामानं थबथबलेलं, ओकाऱ्या काढत, हातपाय बर्फासारखे, असं यायचं. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिनच्या गोळीचं जे काम केलं, ते तिनं वाचून ठेवलं होतं. गोळी दिली की पोराला उठू द्यायचं नाही, रक्तदाब उतरून चक्कर येते. आईबापांना ते पटायचं नाही, ते पोराला कडेवर घेऊन फिरवायला बघायचे. मग ती त्यांना ओरडायची. तिला ओरडताना तू कधी बघितलंयस? मी बघितलंय.

माझं काम घड्याळ धरायचं. एचएमटीचं घड्याळ हातात घेऊन मी नळीसमोर उभा राहायचो आणि ती पेशंटशी गप्पा मारायची. घाबरलेला माणूस घाबरून जास्त बिघडतो, म्हणायची. भात कसा आहे, म्हैस किती देते, मुंबैचा मुलगा पैसे धाडतो का, असं काहीही.

१९९४ च्या ऑक्टोबरात एका रात्री पोस्टमास्तर आले. तेच. गडग्याचा निसटलेला चिरा बसवताना बोटाला लागलं होतं, सूज मनगटापर्यंत आलेली. तिनं रक्त काढलं, नळी फळीवर ठेवली, मी घड्याळ धरलं. भाताचं झालं, पेन्शनचं झालं. मग अगदी सहज, पट्टी सारखी करता करता ती म्हणाली, "मास्तर, तुम्ही एकदा माझ्या मुलीला सीरियस केली होतीत. आठवतं? तारेत."

मास्तर त्या सुजल्या हातानिशी उठून बसले. दुखावलेच. "बाई, शब्द बदलूचो अधिकार माका नाय. गुरुजींनी लिवन दिल्यानी, ताच मी धाडलंय."

मी नळीकडे बघत होतो. ती माझ्याकडे बघते आहे की नाही, ते मान वर करून बघायची माझी छाती झाली नाही.

"किती झाली?" तिनं विचारलं.

"सतरा."

"तीन राहिली," म्हणाली आणि मास्तरांना पुन्हा आडवं केलं.

वीस झाली. तिनं नळी तिरकी केली, रक्त पाण्यासारखं कडेला आलं. मग धावपळ. लसीची पूड बाटलीत पाणी घालून विरघळवायची असते, हलवायची नाही, तळहातांत घोळवायची. ते कामही माझंच. त्या रात्री माझे हात थरथरत होते. ती ॲड्रेनलिनची सिरिंज भरून ठेवत होती, मागे न बघता म्हणाली, "हलवू नका. फेस येतो." सहा तासांनी पुन्हा नळी लावली. पहाटे रक्त गोठलं. मास्तर पुढे पुष्कळ वर्षं जगले आणि दर आंब्याला तिला एक पेटी आणून देत राहिले.

तिनं तो विषय त्यानंतर कधी काढला नाही. मीही नाही. गेल्या वर्षी तिच्या शेवटच्या आठवड्यात दोनदा तोंड उघडलं होतं. एकदा नर्स आली. एकदा तिनंच विचारलं, सोलं वाळत घातलीत ती आत घेतलीत का, ढग आलेत. मी उठून सोलं आत घेतली.

तू लहानपणी तिच्यावर रुसायचीस, मला सोडून गेली म्हणायचीस. मोठेपणीही एकदा म्हणालीस, मी ऐकलंय. ती तुला सोडून गेली हे खरं, पण फायनलच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी ती तुझ्याजवळ होती, तुझे श्वास मोजत. ते तुला कुणी सांगितलं नाही, कारण ते सांगायचं तर माझं सांगावं लागलं असतं.

मार्कलिस्ट तुझ्याकडेच ठेव. चिरंजीवांना आजी नापास झाली होती असं सांगत असशील तर आता सांगू नकोस. काय सांगायचं ते तू ठरव, माझं नाव घेऊन सांगितलंस तरी चालेल. नळ्या मी आरोग्य केंद्रात देऊन आलो, कोऱ्या होत्या तेवढ्या. एक ठेवली.

शेजारच्या मुलाबरोबर आगळ पाठवतोय. बाटली उभीच ठेव, बूच सैल आहे.

तुझे,
बाबा