तुझ्या सिकलसेलच्या 'एएस' रिपोर्टबद्दल

नागपूर,
रविवार, रात्री

प्रिय बाबू,

काल फोनवर तू विचारलंस, "आई, हे तुझ्याकडून आलं का?" मला पटकन बोलताच आलं नाही. हो, माझ्याकडूनच आलं. माझा रिपोर्टही 'एएस' आहे, म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं एक जनुक, 'एस', माझ्यातही आहे; बाबांचा 'एए', म्हणजे त्यांच्यात ते नाही. तुझ्या जन्माआधीच आम्ही दोघांनी तपासून घेतलं होतं. तुला हे कधीच सांगायला हवं होतं. माझं चुकलं.

तुझा धाकटा मामा 'एसएस' होता. थंडी सुरू झाली की त्याचे हातपाय असे दुखायचे की आजी चुलीत वीट तापवून, फडक्यात गुंडाळून त्याच्या पोटऱ्यांवर धरून बसायची. एक निवली की दुसरी. रात्रभर. डोळे पिवळे दिसायचे म्हणून गावात काविळीचं औषध दिलं, एका डॉक्टरांनी दोन वर्षं सांधेवाताची इंजेक्शनं दिली. सिकलसेल आहे हे कळलं तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. एकोणिसाव्या वर्षी गेला.

तुझं तसं नाही, हे आधी मनात पक्कं कर. त्याला दोन्हीकडून 'एस' मिळाला होता, तुला एकीकडूनच. तू वाहक आहेस, रुग्ण नाहीस. खेळ, धाव, फक्त उन्हातान्हात खूप मेहनत करताना पाणी पीत राहा.

आता "हे आपल्याच घरात का?" याबद्दल. आजीचं माहेर गडचिरोलीकडचं, जंगलातलं. तिथे हिवतापानं घरंच्या घरं झोपायची. हिवतापाचा जंतू तांबड्या पेशीत शिरून वाढतो. वाहकाच्या पेशीत तो शिरला की तिथला ऑक्सिजन कमी होतो, पेशी विळ्यासारखी वाकते आणि पोटातली प्लीहा, जी रक्त गाळते, तिला जंतूसकट गाळून टाकते. संरक्षणाची आणखीही कारणं आहेत, पण मला हे सगळ्यात नीट समजलं. वाहकाला ताप येत नाही असं नाही, पण फाल्सिपेरम जातीच्या जंतूचा जीवघेणा हिवताप त्याला फार कमी होतो. म्हणून मलेरियाच्या मुलखात वाहक मुलं जास्त जगली, आणि त्यांच्यामार्फत हे जनुक पुढे चालत आलं. 1949 साली शास्त्रज्ञ हॉल्डेन यांनी थॅलेसेमिया या रक्ताच्या दुसऱ्या आजाराबद्दल असा अंदाज मांडला होता (ते पुढे भारताचे नागरिक झाले, भुवनेश्वरला वारले). 1954 साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत सिकलसेलबाबत ते दाखवून दिलं. मामासारख्याला मात्र या संरक्षणाचा उपयोग नाही. 'एसएस' माणसाला हिवताप झाला तर तो उलट जास्त धोक्याचा.

हे वाचलं त्या दिवशी मी बराच वेळ नुसती बसून होते. ज्या जनुकानं माझा भाऊ नेला, त्यानंच कधीतरी आजीच्या आजीला तापातून उठवलं असेल.

आणि कुणी "हा त्यांच्या जातीचा आजार" म्हणालं तर ऐकून घेऊ नकोस. मी आयुष्यभर ऐकून घेतलं, त्याचा मला आजही राग येतो. हाच आजार आफ्रिकेत आहे, सौदी अरेबियात आहे, ग्रीसमध्येही आहे. जिथे पिढ्यान्‌पिढ्या डास आणि हिवताप, तिथे तो रुजला.

तुझा दुसरा प्रश्न, "तिला काय सांगू?" सगळं सांग, आणि लग्नाची बोलणी व्हायच्या आधी सांग. तीही विदर्भातलीच, तिनं एकदा तपासून घ्यावं. मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजात, इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्ताची तपासणी होते. नुसत्या सॉल्युबिलिटीच्या प्राथमिक चाचणीवर थांबू नका, त्यात 'एएस' की 'एसएस' हे कळत नाही. ती 'एए' निघाली तर तुमचं मूल फार तर तुझ्यासारखं वाहक होईल. तीही 'एएस' निघाली तर दर गरोदरपणात चारात एक शक्यता 'एसएस' बाळाची. तरी लग्न मोडायलाच हवं असं मी म्हणणार नाही. गर्भाची तपासणी सुरुवातीच्या महिन्यांत होते, हायड्रॉक्सियुरिया हे औषध मिळतं. मामाच्या वेळी आमच्यापर्यंत यातलं काहीच पोचलं नव्हतं. पण ठरवायचं ते दोघांनी, डोळे उघडे ठेवून. लपवून नाही.

दिवाळीला येताना तिला घेऊन ये. तिच्या आईशी मी स्वतः बोलते. मामाचा एकच फोटो आहे माझ्याजवळ, फुटाळ्याच्या काठावरचा. ऐन एप्रिलात आजीनं त्याला स्वेटर घातलंय, तळ्यावरचं वारं लागू नये म्हणून. तो तिलाही दाखवीन.

तुझी,
आई