एकाच आठवड्यातली दोन भांडणं

कराड, रविवार

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू तणतणत होतीस की वादविवादात तुझ्या वाट्याला विरोधी बाजू आली. ‘येऊ घातलेले युद्ध मुत्सद्देगिरीने टाळता येते’ हा विषय, आणि तुला म्हणायचंय की नाही येत. ‘आई, मला तर टाळता येतं असंच वाटतं, मग मी खोटं कशी बोलू?’ गॅसवर दूध होतं म्हणून लिहून कळवते म्हटलं. दूध तरीही उतू गेलंच.

तू महाभारतातली कृष्णशिष्टाई घेणार आहेस असं म्हणालीस. घेऊ नकोस. दहापैकी आठ जण तेच घेतील. त्यापेक्षा १९६२ चा ऑक्टोबर घे. त्या महिन्यात जगात दोन भांडणं एकाच वेळी हातघाईवर आली होती. एक मिटलं. दुसरं आपलं होतं.

पहिलं क्यूबाचं, अमेरिकेच्या दाराशी असलेल्या बेटाचं. १४ ऑक्टोबरला अमेरिकेच्या टेहळणी विमानाने फोटो काढले, त्यात रशियाची क्षेपणास्त्रं दिसली. १६ ला अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना ते कळलं, पण लोकांपुढे ते आले २२ ला. मधले सहा दिवस त्यांनी गाजावाजा न करता विचारात घालवले, हे लक्षात ठेव. क्यूबाभोवती जहाजं उभी केली, पण त्याला ‘नाकेबंदी’ म्हटलं नाही, कारण नाकेबंदी म्हणजे युद्धच. शब्द शोधून काढला ‘क्वारंटाइन’. आपल्याला तो करोनामुळे पाठ झालाय.

२६ तारखेला रशियाचा नेता ख्रुश्चेव्ह याचं लांबलचक पत्र आलं. त्याचा भावार्थ असा, की युद्धाची गाठ पडलेल्या दोरीची टोकं आपण दोघांनी ओढू नयेत. जितकी ओढू तितकी ती आवळत जाईल, आणि मग बांधणाऱ्यालाही सुटणार नाही, कापावीच लागेल. आपल्याकडे याला निरगाठ म्हणतात. परकराच्या नाडीला तुला लहानपणी नेहमी तीच बसायची, आणि तू रडत रडत ती आणखी ओढायचीस.

दुसऱ्या दिवशी दुसरं पत्र, आधीपेक्षा कडक: तुम्ही तुर्कस्तानातली तुमची क्षेपणास्त्रं काढा. त्याच दिवशी क्यूबावर अमेरिकेचं विमान पाडलं गेलं, वैमानिक मेला. केनेडींनी जाहीर उत्तर पहिल्या पत्राला दिलं आणि दुसऱ्याचा उल्लेखच टाळला. पण त्याच संध्याकाळी त्यांचा भाऊ रॉबर्ट रशियाच्या राजदूताला, डोब्रिनिनला, भेटला आणि सांगितलं की तुर्कस्तानातली क्षेपणास्त्रं जातील, फक्त याची वाच्यता व्हायला नको. २८ ला मॉस्को रेडिओवर माघार जाहीर झाली. तुर्कस्तानातली क्षेपणास्त्रं पुढच्या एप्रिलमध्ये निमूट निघाली. बाहेर सगळ्यांना वाटलं केनेडी ताठ उभे राहिले आणि समोरचा वाकला. खरं म्हणजे दोघेही वाकले होते, एकाचं वाकणं पडद्याआड होतं इतकंच.

आता आपलं. २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला, म्हणजे केनेडींच्या भाषणाच्या दोन दिवस आधी. पण हल्ल्याची तारीख पाठ करून काही हाती लागणार नाही, एप्रिल १९६० बघ. चीनचे पंतप्रधान चाऊ एन लाय दिल्लीत आले आणि जवळजवळ आठवडाभर राहिले. त्यांनी सूचकपणे सुचवलेलं साधारण असं होतं: पूर्वेला तुमचं म्हणणं आम्ही चालवून घेतो, पश्चिमेला, लडाखकडच्या अक्साई चीनमध्ये, आमचं तुम्ही घ्या. ते योग्य होतं की नाही यावर आजही भांडणं होतात, मी त्यात पडत नाही. मला वेगळंच दिसतं. नेहरूंना तो विषय नुसता मनात घोळवायलाही जागा उरली नव्हती.

का नव्हती? चीनने अक्साई चीनमधून रस्ता बांधला होता, ते आपल्या सरकारने आधी संसदेपासून लपवून ठेवलं. १९५९ मध्ये ते उघड झाल्यावर एवढा गदारोळ झाला की नेहरूंनी चीनशी झालेला पत्रव्यवहारच श्वेतपत्रिका काढून छापायला सुरुवात केली. त्यानंतरचं प्रत्येक पत्र बीजिंगसाठी कमी आणि आपल्या सभागृहासाठी जास्त लिहिलं जाऊ लागलं, हे माझं मत, तुझे परीक्षक वाद घालतील. त्यात मार्च १९६० मध्ये बेरुबारी प्रकरणात (बंगालमधला तो भाग पाकिस्तानला द्यायचा घाट होता) सर्वोच्च न्यायालयाने मत दिलं, की देशाचा भाग दुसऱ्याला द्यायचा तर राज्यघटना दुरुस्त करावी लागेल. चाऊ आले ते त्यानंतर पाचेक आठवड्यांनी. नेहरूंच्या मागे भिंत होती आणि ती निम्मी त्यांनीच बांधली होती. पुढे १९६१ च्या शेवटी पुढे सरकून चौक्या उभारायचं धोरण आलं, आणि दोरीची दोन्ही टोकं ओढली जाऊ लागली.

तर विरोधी बाजू मांडताना ‘चर्चा म्हणजे वेळकाढूपणा’ असलं काही बोलू नकोस, ते हलकं वाटतं. बोलायचंच तर असं बोल, की बोलणी चालतात तेव्हा मागे सरकायला जी जागा लागते ती लोकांच्या नजरेआड असावी लागते, आणि संसद, वर्तमानपत्रं, निवडणुका असलेल्या देशात ती फार काळ मिळत नाही. वर नशिबाचा भाग घाल. २७ ऑक्टोबरलाच क्यूबाजवळ समुद्राखाली एका रशियन पाणबुडीत अण्वस्त्र असलेला टॉर्पेडो सोडायची तयारी झाली होती. अर्खिपोव्ह नावाचा अधिकारी आडवा आला म्हणून थांबलं. त्याच्याशी कुणी वाटाघाटी केल्या नव्हत्या.

मात्र याच मुद्द्यावर मी स्वतः अडकते. केनेडींनी आपल्या लोकांपासून सौदा लपवला आणि जग वाचलं. आपल्या सरकारने रस्ता लपवला, आणि तेच पुढे भोवलं. मग लपवणं चांगलं की वाईट? समोरच्या पक्षातल्या कुणी विचारलंच तर तुझं तू बघ.

यशवंतराव चव्हाणसाहेबांचा उल्लेख करायला विसरू नकोस, कराडची मुलगी आहेस. मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, तेव्हा ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ असं अख्खा महाराष्ट्र म्हणत होता. त्यांनी शपथ घेतली आणि चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली ती एकाच दिवशी, २१ नोव्हेंबरला.

आजी तेव्हा चौदा वर्षांची होती. तिच्या आईने संरक्षण निधीला हातातल्या पाटल्या दिल्या, ही गोष्ट तू शंभर वेळा ऐकली आहेस. पावती अजून आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेत आहे. परवा कपाट आवरताना मी ती पहिल्यांदा नीट वाचली. तारीख २ डिसेंबर. युद्ध थांबून अकरा दिवस झाले होते. मी आजीला दाखवली, तर तिने घडी घालून परत ट्रंकेत ठेवली आणि चहा टाक म्हणाली.

तू दिवाळीला येशील तेव्हा तूच विचार.

तुझी,
आई