वाफेवर नव्हे, हवेवर

संपादक महोदय,

'चहाच्या वाफेवर वीज' ही आपल्या रविवारच्या अंकातली बातमी वाचली. चहाच्या कपावर ठेवलेलं पोरांचं इंजिन वाफेवर, इंधनाविना चालतं आणि त्यातून घरोघरी वीज मिळेल, असं तीत म्हटलंय. पोरांचं इंजिन झकासच आहे, पण ते वाफेवर चालत नाही आणि 'इंधनाविना' तर मुळीच नाही. कपातलं पाणी उकळलं कशावर? रॉबर्ट स्टर्लिंग या स्कॉटिश पाद्रीबाबांनी 1816 साली पेटंट घेतलेलं हे इंजिन. आत कोंडलेली हवा खालच्या गरम चकतीपाशी फुगते, वरच्या थंड चकतीपाशी आक्रसते, त्यावर पिस्टन हलतो. वाफ आत शिरतच नाही.

मी टर्नर, आता निवृत्त. असं एक इंजिन मीही घरी बनवलं. अॅल्युमिनियमच्या दोन चकत्या, मध्ये प्लास्टिकच्या डब्याचं कडं, आत हवेला गरम-थंड बाजूंमध्ये ढकलणारी सैल थर्माकोलची चकती, सायकलच्या आरीचा क्रँक म्हणजे वाकवलेला दांडा, फ्लायव्हीलला म्हणजे गती टिकवणाऱ्या चाकाला जुनी सीडी. पिस्टनला काचेची सिरिंज लागते. प्लास्टिकच्या सिरिंजचं रबर फार घासतं. ती शोधायला चार मेडिकल पालथी घातली. महिनाभर इंजिन ढिम्म! साबणाचा फेस लावून दोन गळत्या पकडल्या, बुजवल्या, तरी तेच. मग लक्षात आलं, सिरिंजमध्ये मीच तेल सोडलं होतं. लेथवरच्या माणसाचा हात तेलाच्या बुधलीकडे जातोच. एवढ्याशा ताकदीला तेलाचा चिकटपणाही जड होतो. सगळं पुसून शिसपेन्सिलीची पूड लावली, बोटाने टिचकी मारली आणि सीडी फिरतच राहिली. हिने तेवढ्यात चहा मागितला, म्हटलं थांब, तो इंजिनाखाली आहे.

नातीने पुढे ते बर्फाच्या वाटीवर ठेवलं. नेहमीच्या दिशेने ढकललं की थांबे. उलट ढकललं, तर पळालं. गरम-थंड बाजू बदलल्या की फिरण्याची दिशाही उलटते, हे मला तिच्यामुळे कळलं.

आता विजेचं. खाली 95 अंश, वर 30 धरले तरी अगदी निर्दोष इंजिनालाही उष्णतेतून 18 टक्क्यांच्या आतच काम काढता येतं. माझं तर करंगळी टेकवली की थांबतं. 'घरोघरी वीज' हे वाचून आमच्या शेजाऱ्यांनी किंमत विचारली, तेव्हा काय सांगावं कळेना.

पुढच्या वेळी पोरांच्या हारतुऱ्यांच्या फोटोऐवजी इंजिनाचा आराखडा छापा. चकतीचा व्यास, थर्माकोलच्या कडेची फट, पिस्टनचा आणि थर्माकोलचा अशा दोन क्रँकमधला 90 अंशांचा कोन, आणि पहिल्यांदा चाललं नाही तेव्हा त्यांनी काय केलं, तेही.

– एक निवृत्त टर्नर, चिंचवड