करंगळीपुरता राग

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
प्रभूच्या नावात सप्रेम सलाम.

रविवारी फोनवर सांगणार होतो. पण बाबांनी नुसतं "बरं" म्हणून फोन आईकडे दिला, आईने "जेवलास का?" विचारलं, आणि माझं सांगणं घशातच राहिलं. ताईकडून कुणकुण लागली असेलच. तर आता सरळ लिहितो. जूनमध्ये आम्ही जातोय. कर्णबधिर मुलांच्या शाळेची सगळी जबाबदारी हिच्याकडे येते आहे. मी राजीनामा दिला. तिकडे अर्धवेळ काम मिळालंय, पगार बराच कमी आहे, पण भागेल. तुम्हाला दरमहा येतात ते पैसे येतच राहतील, त्यात एक रुपयाही कमी होणार नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे बाबा रात्री जागून हिशेब मांडत बसणार नाहीत.

बाबा, तुम्ही काय म्हणाल ते ठाऊक आहे. पती पत्नीचे मस्तक आहे, मग मस्तक धडामागे कुठे निघालं? बायबलातलं इफिसकरांस पत्र, पाचवा अध्याय. लहानपणापासून तुमच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की तेविसावं वचन मला पाठच झालंय. परवा तो अध्याय मी पुन्हा सावकाश वाचला. बायकांना उद्देशून तीन वचनं आहेत आणि नवऱ्यांना उद्देशून जवळजवळ नऊ. आणखी एक गोष्ट कळली, ती तुम्हाला आवडणार नाही, पण सांगतो. बाविसाव्या वचनातलं "अधीन असा" हे क्रियापद काही अतिशय जुन्या ग्रीक हस्तलिखितांत नाहीच. ते आधीच्या, एकविसाव्या वचनातून आणावं लागतं, आणि तिथे शब्द आहेत "एकमेकांच्या अधीन". त्या काळच्या रोमी घरात बापाचा शब्द म्हणजे कायदा. अशा घरातल्या पुरुषाला या पत्रात प्रेषित पौल सांगतो, ख्रिस्ताने विश्वासणाऱ्यांच्या मंडळीसाठी स्वतःला दिलं तशी बायकोवर प्रीती कर. ऐकणाऱ्यांपैकी दोघे-चौघे तरी चुळबुळले असतील.

पण खरं सांगू? मला हे अध्यायातून कळलं नाही. आईची कंबर धरली होती त्या वर्षी, आठवतं? तिला वाकता येत नव्हतं. शनिवारी संध्याकाळी तुम्ही जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचात, कोमट पाण्याचं घमेलं ठेवायचात, आणि आईचा पाय मांडीवर घेऊन तिची नखं कापायचात. चष्मा नाकाच्या टोकावर, जीभ दातांत. अंगठ्याचं नख आत वाढलेलं, तिथे आलात की श्वास धरायचात. आई ओशाळून म्हणायची, "पुरे हो, पोरं बघतायत." तुम्ही म्हणायचात, "बघू देत." मी दारात उभा असायचो. योहानाचा तेरावा अध्याय, येशू शिष्यांचे पाय धुतो तो, चर्चमध्ये वाचला की मला अजून ते वर्तमानपत्रच दिसतं. तुमच्या तोंडून मी "मस्तक" ऐकलं, पण मस्तक कुठे असतं हे त्या शनिवारी पाहिलं.

आता माझी चूक सांगतो. माझ्या बदल्यांमागे हिने तीन वेळा नोकरी सोडली. तिसऱ्या वेळी तर मुलांनी निरोपाला काढलेली चित्रं ती प्रवासभर मांडीवर घेऊन बसली होती, आणि मी शेजारी झोपलो होतो. म्हणून यावेळी मोठ्या रुबाबात म्हणालो, "तीनदा तू सोडलीस, आता माझी पाळी." वाटलं, खूश होईल. ती भडकली. म्हणाली, "मी वही ठेवली होती का? फेड करायची म्हणून येणार असशील तर येऊच नकोस." दोन दिवस बोलली नाही.

करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय आपण लग्नात वाचतो, पण पौलाने तो नवरा-बायकोसाठी लिहिलाच नव्हता. देवाकडून मिळालेल्या आपापल्या कृपादानांवरून भांडणाऱ्या मंडळीला लिहिलाय तो. प्रीती अपकाराची नोंद ठेवत नाही म्हणतो, तिथला ग्रीक शब्द चक्क हिशेबाचा आहे. अपकारांची वही ठेवू नये हे मला माहीत होतं. उपकारांचीही ठेवायची नसते, हे हिच्याकडून कळलं. आता मी फेड म्हणून जात नाहीये. तिला त्या मुलांसमोर उभी राहून हातांनी बोलताना पाहायचंय, म्हणून जातोय. एवढंच कारण पुरेसं आहे की नाही, ते तुम्ही सांगा.

आई, तू तर लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट किती रंगवून सांगायचीस. तिच्या नवऱ्याने, रेव्हरंड टिळकांनी, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधल्या पाच वर्षांवर येऊन तू थांबायचीस आणि म्हणायचीस, "तिला कोणी ओढत नेलं नाही, ती स्वतःच्या पायांनी गेली." मग तुझ्या सुनेने स्वतःच्या पायांनी निघायचं ठरवलं तर तुला इतकं का लागावं? आणि तुला लागलंय, फोनवर कळलं मला.

राहता राहिलं खरं दुखणं. आमच्या लग्नात पाळकसाहेबांनी उत्पत्तीतलं वचन वाचलं, पुरुष आपल्या आईबापांना सोडून बायकोशी जडून राहील. तेव्हा तू डोळ्यांना पदर लावला होतास. पण ते वचन पुढे करून मी अंग काढून घेणार नाही. देवाचं नाव सांगून आईबापांचा सांभाळ टाळणाऱ्यांना येशूने कसं खडसावलं, ते मार्काच्या सातव्या अध्यायात आहेच. आणि वधस्तंभावर असतानाही त्याने आईची सोय लावली. मग मला तर फक्त एका रात्रीचा प्रवास आहे. दादाच्या वेळी झालं तसं यावेळी होणार नाही, शब्द देतो.

आता मुकाट्याने ऐका. शनिवारी येऊन बाथरूममध्ये धरायला दांडी बसवणार आहे. बाबांनी "मी म्हातारा झालो का?" विचारायचं नाही. रक्तदाबाची गोळी अर्धी करायची नाही. "आज बरं वाटतंय" हे गोळी चुकवायचं कारण होत नाही. स्टुलावर चढून दिवा बदलायचा नाही, अंधारात बसा पण ताईला फोन करा. रविवारी ती तुम्हाला उपासनेला नेईल, ठरलंय तिच्याशी. तुमचं ओझं तिच्यावर टाकून गेलो असं मनात आणू नका, तिनेच मला जा म्हटलं. आई, तुझी ती जाड अक्षरांची गीतांची वही उचलून उचलून सुटायला आली आहे, ती बांधून आणतो. आणि नखं कापायला आता बाबांचे हात थरथरतात, ते काम महिन्यातून एकदा मी आलो की माझं.

रात्री साडेनऊला फोन करीन, आपण प्रार्थना चुकवायची नाही. लहानपणी सगळे हात धरून उभे राहायचो तेव्हा बाबांवर रागावलेली असलीस की तू त्यांच्या हातात नुसती करंगळी द्यायचीस. सोडायची मात्र कधी नाहीस. मला ते फार उशिरा कळलं. या वेळी राग माझ्यावर असेल. असू दे. फोनवर करंगळी देता येत नाही, तेव्हा बोलायचं नसेल तर आमेनच्या आधी नुसतं खाकर. मला कळेल, तू आहेस.

तुमचा,
धाकटा